दोन सुयांचा टाका

आमच्या कारखान्यात होते तिला पर्स म्हटलेलं कंपनीला चालत नाही. "हँडबॅग म्हणा," मुकादम सांगतो. आम्ही म्हणतो बापड्या. चामडं आम्ही कापतो, कडा आम्ही घासतो, अस्तर आम्ही लावतो, टाके आम्ही घालतो. हँडल तेवढं आम्ही लावायचं नाही. ते लागतं साता समुद्रापलीकडे, एका नावाजलेल्या शहरात, आणि तिथंच आत शिक्का बसतो की ही बॅग इथं घडली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

बॅग वाईट असते असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? चामडं उत्तम, दोरा मेण लावलेला, आणि टाका हातचा. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया, दोन हातांत दोन. बॅग गुडघ्यांमध्ये लाकडी चिमट्यात धरायची आणि एकेका भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. मशीनचा टाका एकदा सुटला की सगळी ओळ उसवते. हा एक तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. असा टाका आमच्या ताईसारखा कोणी घालत नव्हतं.

"बॅगवाली बाई म्हातारी होऊन जाईल, पण माझा टाका जायचा नाही," ताई म्हणायची.

"एका बॅगेच्या किमतीत आपलं घर भांड्याकुंड्यांसकट येईल. वर मीही येईन," मी म्हणायचे.

"तुला कोण घेतंय! फुकट दिलीस तरी परत पाठवतील."

तिला ती किंमत पटायची. मला कधीच पटली नाही. यावरून आमची रोज जुंपायची.

शिवणकामाला यायच्या आधी ताई आठ वर्षं सोल्युशनच्या खोलीत होती. चामडं चिकटवताना धूळ बसू नये म्हणून त्या खोलीचं दार बंद असतं, आणि खिडकी तर नाहीच. आधी तिच्या बोटांना मुंग्या यायच्या. शिवणकामाला आल्यावर मुंग्याही गेल्या. एकदा घरी तिनं चुलीवरचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं आणि ते धरून माझ्याशी गप्पा मारत उभी राहिली. मी किंचाळले तेव्हा तिला कळलं. डॉक्टर म्हणाले, सोल्युशनच्या वाफेनं बोटांच्या नसा मेल्यात, हे काम सोडा.

सोडा म्हणणं सोपं असतं. ताईला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं म्हणजे तिला दुसरं काही नको होतं. कारखान्यात अशी बोटं कुणाची निघाली की त्याच दिवशी बाहेर. कागदावर लिहायचं, 'घरच्या अडचणीमुळे'. आमच्यासमोर तिघी अशा गेल्या. तिघींच्या घरी काही अडचण नव्हती.

ताई नुसत्या नजरेनं शिवायला शिकली, आणि पहिल्यापेक्षा सरळ शिवू लागली. अडचण एकच होती. सुई टोचली तर तिला कळायचं नाही. रक्त येतंय आणि बाई आपली शिवतेय, हे कुणाच्याही डोळ्यांवर आलं असतं. म्हणून आम्ही ठरवलं. मी तिच्या शेजारी बसायचे. तिच्या बोटावर लाल दिसलं की मी खोकायचं, आणि मी खोकले की ताईनं "आई गं" म्हणून हात फडक्यात घ्यायचे.

सुरुवातीला ती इतकं कोरडं म्हणायची की मी वैतागले. "अगं, शाळेत हजेरी देतेस का? जरा कळवळ की!" मग रात्री जेवणं झाली की आम्ही सराव करायचो. मी खोकायचे, ती कळवळायची, आणि दोघी हसून हसून लोळायचो. पोरींना वेड लागलंय, असं आईला वाटायचं. तिला आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ताई म्हणायची.

असं वर्ष निघालं. मुकादमानं मला दोनदा खोकल्याच्या गोळ्यासुद्धा आणून दिल्या. माणूस तसा वाईट नाही.

मग कंपनीची बाई आली. या बॅगा नक्की कुठं होतात, एवढी किंमत कशाची, असं लोक विचारायला लागले होते म्हणे. तेव्हा फिल्म काढायची ठरली. चेहरा नको, भिंत नको, खिडकी नको. फक्त शिवणारे हात हवेत. बाई आमच्या रांगांमधून हिंडली आणि ताईजवळ थांबली.

"हे हात बघा," ती कॅमेरेवाल्याला म्हणाली. "जरासुद्धा दचकत नाहीत."

ताई लाजून लाल झाली.

तिचं स्टूल उजेडाकडे नेलं, फडकं जुन्या जागीच राहिलं. मी म्हटलं, "मी शेजारी बसते, दोरा ओवून देईन." मुकादम म्हणाला, "सावली पडते. तू आपल्या जागेवर बस." चिमट्यात साईच्या रंगाची नवीकोरी बॅग लावली. सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. बाई हळू आवाजात कॅमेऱ्यासाठी बोलू लागली. "ही किंमत चामड्याची नाही. ही किंमत या हातांची आहे." आणि तेव्हा ताईचा चेहरा मी पाहिला. इतक्या सुखात मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

उजव्या तर्जनीवर लाल ठिपका आला. अजून कुणी पाहिला नव्हता. ठिपका फुगला, बोटावरून ओघळू लागला. मी काय करायला हवं होतं, ते आजही मला सांगता येत नाही. मी खोकले.

"आई गं!" ताई कळवळली. अगदी खरी वाटावी अशी कळवळली. सुया सोडल्या, डावं बोट घट्ट धरलं आणि त्यावर फुंकर घालू लागली. उजव्या बोटाचं रक्त टपटप बॅगेवर पडत होतं.

"अहो, ते नाही," बाई गोंधळून म्हणाली. "दुसरं. दुसऱ्या हाताचं."

ताईनं दोन्ही हात समोर धरून पाहिले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

मुकादमानंही माझ्याकडे पाहिलं. वर्षभराचा माझा खोकला त्याच्या तोंडावर हिशोबासारखा जुळत गेला. तो माझ्याजवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "पुन्हा खोक बघू."

मी खोकले नाही. तेवढंच काय ते मी केलं.

आमच्याकडे नियम आहे, डाग पडलेली बॅग जिनं शिवली तिनंच रापीनं कापायची. म्हणजे ती बाहेर जाऊन स्वस्तात विकली जायला नको. ताईनं आपले टाके एकेक करून कापले. रापी धारदार असते, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिच्या बोटांकडे होतं. तिनं बोट कापून घेतलं नाही. मग मुकादमानं कागद पुढे केला आणि तिनं सही केली. घरच्या अडचणीमुळे.

बाई घड्याळ बघत होती. उजेड जाईल म्हणाली. मुकादम म्हणाला, "हिचे हात अगदी तसेच आहेत, सख्खी बहीण आहे." मी त्या स्टुलावर बसले. हो, बसले. दोघींची नोकरी गेली असती तर खायचं काय होतं? फिल्ममध्ये माझे हात आहेत. बघणाऱ्याला वाटेल, काय ही माया, किती जपून शिवतेय! ते थरथरत होते.

ताई आता घरी असते. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. हात दाखवून अवलक्षण कशाला झालं, एवढंच एकदा म्हणाली, आणि तेही स्वतःला. मी तिच्या रिकाम्या जागेवर बसते, सोल्युशनच्या खोलीच्या दाराशी. दार उघडलं की घशात वास बसतो.

परवा संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ताई भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर, दोन्ही रिकामे. मला खोकला आला. ठरवलेला नव्हे, खराच. आवरेना.

"आई गं," ताई म्हणाली, आणि डावं बोट धरलं. मग उजवं धरलं. मग दोन्ही हात पदरात घेतले.

"काय लागलं गं?" आईनं विचारलं.

मी तोंडावर हात दाबून खोकला आत दाबत राहिले.