पेटणारं तीर्थ

१९९८च्या उन्हाळ्यात येडगावच्या धरणाकाठी मांडव पडला होता आणि त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी वाटीतल्या तीर्थात पांढरं फडकं बुडवलं, काडी ओढली. निळी ज्वाळा नाचली, विझली. फडक्यावर डागसुद्धा नाही!

"पाप जळतं, कापड जळत न्हाई!" महाराज गरजले. "एक पेला घ्या, दारू जन्मभर सुटंल!"

"पेटलं म्हंजी चोख," जानकू शेजाऱ्याला म्हणाला. हातभट्टी लावण्यात त्याची हयात गेली होती. भट्टीतून दारूची धार पडली की काडी लावून पारख करायची, ही तिथली रीत.

प्रज्ञा मागे उभी होती. मागल्या महिन्यात तिच्या वडिलांनी, सोमनाथांनी, हाच पेला घेतला होता. दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते म्हणाले, "पोरी, एवढं धुकं का गं पडलंय?" आणि रात्रीत गेले. दारू सुटली ती अशी. "पापं लई साठली व्हती," महाराजांनी सांगितलं आणि गावानं मान डोलावली.

आता धोंडाबाई आपल्या लेकाला, संपतला, पुढे ढकलत होती. पेला त्याच्या ओठांशी गेला.

"थांब, संपतभाऊ!"

प्रज्ञा गर्दीतून पुढे आली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. पिशवीतून तिनं दवाखान्यातलं स्पिरिट काढलं, निम्मं पाणी घातलं, रुमाल बुडवून पेटवला. निळी ज्वाळा. रुमाल शाबूत.

"अगं बया, हिच्यातबी देव आला!" कुणीतरी ओरडलं.

"देव नाही, पाणी! स्पिरिटची वाफ जळते, पाण्यानं कापड गार राहतं."

"पर पेटतंय, मंग चोखच की," जानकू म्हणाला.

"मामा, गुळाची दारू पेटते, तसं कारखान्यातलं विषारी मिथेनॉलही पेटतं. ज्वाळेवरून फरक कळत नाही. पोटात गेल्यावर त्याचं आम्ल होतं, मुंगीच्या डंखात असतं ते. आधी डोळे जातात. बाबांच्या रक्तात तेच मिथेनॉल सापडलं. शवविच्छेदनाचा अहवाल काल आला."

तिनं संपतच्या हातातला पेला घेऊन महाराजांपुढे धरला. "हा पेला तुम्हीच घ्या."

"आमाला कुठं व्यसन हाय, ताई?"

"पापंही नसतील. मग भीती कसली? घ्या!"

महाराजांनी हात मागे घेतला. धोंडाबाईनं तो हात पाहिला. तिनं पेला हिसकावून मातीत ओतला आणि लेकाचा जबडा धरला. "गिळलास का रं? एक थेंब तरी गिळलास का?"

"न्हाई, आये."

व्यसन हा आजार आहे. त्याला डॉक्टर आहेत. तीर्थ म्हणून कुणी पेला पुढे केला, तर यात काय आहे, एवढं तरी विचारा. सोमनाथांच्या वेळी मांडव असाच भरला होता. एकानंही विचारलं नाही.