सैल झाकणाची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी प्लॅस्टिकची बाटली आहे. माझ्या अंगावर एकेकाळी 'व्हिटॅमिन' असं ठसठशीत छापलेलं होतं. माझ्या वाट्याला जेवढा संशय आला, तेवढा एखाद्या भुरट्या चोराच्याही वाट्याला येत नसेल.

ज्या दिवशी माझा जन्म झाला, त्या दिवशी कारखान्यातलं यंत्र जरा ढिलं चालत होतं. त्यामुळे माझं झाकण नुसता तळवा टेकवून फिरवलं तरी उघडतं. मला याची फार लाज वाटे.

मी ज्या बाईंच्या घरी आले, त्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवायच्या. मोहरीएवढे स्क्रू त्यांच्या चिमटीत निमूट बसत. पण त्यांना संधिवात जडला होता. सकाळी बोटं सुजून ताठ व्हायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, "तुमचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटलंय. औषध चुकवलंत तर बोटं वाकडी होतील." आणि बोटं वाकडी झाली की काम सुटणार, हे सांगायला डॉक्टर कशाला हवेत?

मला आणलं बाईंच्या धाकट्या बहिणीने. "ताई, औषधाच्या जोडीला हेही घे. डॉक्टरांना विचारलंय मी." बाई माझ्यातली गोळी नेमाने घेऊ लागल्या. मी फुशारले. पण सूज काही उतरेना. उलट वाढतच गेली.

मग एके दिवशी बाईंच्या लेकीला चष्म्याच्या रिकाम्या डबीत औषधाच्या पट्ट्या सापडल्या. एकही गोळी काढलेली नव्हती!

"आई, या बाटलीच्या नादाने तू खरं औषध सोडलंस ना?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

लेकीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू घर फोडायलाच आले होते! मला बाईंचाही राग आला. माझ्यावर आळ येतोय आणि या तोंड उघडत नाहीत? कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलं.

"आत्ता घे. माझ्यासमोर." लेकीने पट्टी पुढे केली.

बाईंनी अंगठा दाबला. तो घसरला. पुन्हा दाबला. चंदेरी कागद काही फाटेना. बाईंचे डोळे भरून आले.

"तुझे बाबा होते तेव्हा ते काढून द्यायचे. तुला सांगितलं असतं, तर म्हणाली असतीस, दुकान सोड. या घरात मला या बाटलीचं झाकण तेवढं उघडता येतं."

लेक आईजवळ बसली. मग तिने आईचा सुजलेला हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढे माझ्यातल्या गोळ्या संपल्या. औषधवाल्यांना विचारून लेकीने मला धुऊन कोरडं केलं, नवं नाव चिकटवलं आणि पट्टीतलं औषध काढून माझ्यात भरलं. बाई अजून दुकानात जातात. स्क्रू बसवायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, पण बसतो.

मित्रांनो, घरातलं कुणी औषध टाळत असेल, तर लगेच संशय घेऊ नका. आधी जवळ बसा आणि त्यांच्या अंगठ्याकडे बघा.