टोकावरची तीन वळी

सासऱ्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं: आज सहापैकी चार टोकं नीट निघाली तर खिडकीजवळचं टेबल थोरल्या सुनेकडे राहील, नाहीतर तिथे धाकट्या मुलाने आणलेलं, काचेचे तंतू ओढून टोकं काढायचं यंत्र बसेल. यंत्राचं खोकं बाहेर येऊन पडलंच होतं.

थोरली बारा वर्षं हेच काम करत होती. केसाएवढा काचेचा तंतू आम्लात उभा सोडायचा. आम्लावर तेलाचा थर. तासाभरात आम्ल काच खात खात इतकं बारीक टोक काढतं की त्यातून प्रकाश सोडला की साध्या भिंगाला कधीच न दिसणारं सूक्ष्मदर्शकाला दिसतं. त्या तासात भांडं हलता कामा नये.

दहा वाजून दहा मिनिटांनी तिने सहा तंतू सोडले. दहा-वीसला दिराने दार धाडकन आपटलं.

"पक्कड हवी होती, वहिनी."

तीन मिनिटांनी पुन्हा धाडकन. "चुकीची नेली बघा."

"भावजी, दार हाताने लावतात."

"वाऱ्याने लागलं. तुमच्या टोकांना वाराही सोसत नाही का?"

दहा-अठ्ठावन्नला तिसऱ्यांदा. तिने मान वर केली नाही. वहीत आधीच्या दोन वेळांखाली ही वेळ तेवढी लिहिली.

सहाही टोकं बाद निघाली. दीर भिंगाला डोळा लावून म्हणाला, "बाबा, वहिनींचा हात थरथरतो हो आताशा."

"तंतू स्टँडला लावलेले असतात. माझा हात काय आम्लात बुडवू?" तिने वही सासऱ्यांपुढे सरकवली. "मामंजी, जाड भागाकडून बघा. आम्ल वरून खाली उतरत जातं. हादरा बसला की तिथे वळं उठतं."

सासऱ्यांनी पाहिलं. दोन वळी शेजारी-शेजारी, तिसरं पार टोकाजवळ. सहाही तंतूंवर तसंच. त्यांनी वहीतल्या वेळा वाचल्या.

"आणखी सहा लाव," ते सुनेला म्हणाले. मग धाकट्याला, "तू बाहेर हो. दार धरून उभा राहा. हललं, तर ते खोकं आलं तसं परत जाईल."

बरोबर तासाने तिने तंतू काढले, धुतले, भिंगाखाली धरले. सहाही स्वच्छ.

"झालं का हो वहिनी?" बाहेरून आवाज आला. "पायांत गोळे आले!"

तिने हातमोजे उतरवले, आवाज न करता खुर्ची ओढली आणि खिडकीजवळच्या टेबलाशी ऐसपैस बसली.

"हलू नका, भावजी," ती म्हणाली.