दोन नमदे, एक सुरी

“पोरींनो, लोकरीचे दोन नमदे, एक लाल नि एक करडा, एकावर एक ठेवा नि सुरी एकदाच चालवा. लालातलं निघेल ते करड्यात बसेल, करड्यातलं लालात. वाया काही जायचं नाही.”

सासूचा तो आवाज सायराकानच्या कानात अजून तसाच होता. तेव्हा ती आणि शेजारची कान्यमगुल, दोघी नव्या सुना होत्या. आज दोघींच्या डोक्याचा कापूस झाला होता, आणि गावच्या वडीलधाऱ्यांच्या न्यायसभेत त्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या.

“बोल बाई,” जुमाकादिर आबा सायराकानला म्हणाले. निवाडा त्यांच्याकडे होता.

“आम्ही मिळून नमदे कापले, आबा. शिवायच्या आधीच ही लाल शिंगांची नक्षी उचलून घेऊन गेली. माझ्या करड्या गालिच्याला नुसती भोकं! वारा आरपार खेळतो.”

“आणि माझ्याकडच्या लग्नाच्या जेवणात काय बोललीस ते सांग की!” कान्यमगुल गर्रकन वळली. “माझे तळलेले कणकेचे बोरसोक म्हणे तेलात बुडून मेले! व्याह्यांच्या देखत!”

“थट्टेनं म्हटलं.”

“हो, हसले सगळे. अजून हसतात.”

आबांनी दाढी कुरवाळली. “नुकसानीची किंमत घेतेस?”

“भोकांत नोटा शिवू?”

“नवा लाल नमदा?”

“त्यावर सुरी दुसरी चालेल. कडा जुळायच्या नाहीत.”

आबांची सून ऐझादा शहरात कायदा शिकून आली होती; सभेचं लिहिणं तिच्याकडे असे. ती म्हणाली, “बिघडण्याआधी होतं तसं करून द्यावं, एवढंच कायद्याचं मूळ म्हणणं. मग तेच तुकडे परत.”

कान्यमगुलनं शालीखालून गाठोडं काढून धपकन पुढ्यात टाकलं. गाठ सुटली. लाल शिंगं जशीच्या तशी, एक टाका नाही. आणि कसर लागू नये म्हणून घडीघडीत वाळल्या दवण्याच्या काड्या.

“घे. झालं समाधान?”

सायराकान खटला जिंकली होती. आता कान्यमगुल उठणार, दारातून जाणार, आणि भांडायलासुद्धा काही उरणार नाही.

“आबा,” ती घाईनं म्हणाली, “कापलं तिनं माझ्यासोबत, तर शिवलंही पाहिजे माझ्यासोबत. रीत आहे आपली. हुकूम द्या. हिला माझ्या घरी बसवा.”

आबा गालात हसले. “वस्तू परत करायला लावता येते, बाई. माफीही मागायला लावता येते. पण कुणाला कुणाच्या चुलीशी नेऊन बसवायचा हुकूम कुठलं न्यायालय देणार? काय गं, सूनबाई?”

“नाही देता येत,” ऐझादा म्हणाली. तिनं लेखणी खाली ठेवली. “ते, आजी, तुम्हालाच मागावं लागेल.”

कान्यमगुल दारापर्यंत पोचली होती. सायराकाननं गाठोडं छातीशी धरलं.

“बोरसोक चांगले होते गं,” ती म्हणाली. “ओढणीत बांधून घरी नेले मी. रोज एकेक खाल्ला, शेवटचा दगड होईपर्यंत. ये ना. एकटीला सुईत दोरा ओववत नाही मला.”