आल्ट्याचे मिटलेले डोळे

अँटवर्पमध्ये माख्टेल्डच्या दिवाणखान्यात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर तिच्या वारलेल्या मुलीचं, सहा वर्षांच्या आल्ट्याचं चित्र होतं, डोळे मिटलेलं. बारेंटबुवांनी मंतरलेल्या पाण्यात स्पंज बुडवला, चित्राच्या तोंडावरून फिरवला, आणि पोरीने डोळे उघडले. बायका हुंदके द्यायला लागल्या.

"बघतेय ती," बुवा म्हणाले. "भावाचा, योरिसचा ताप तीच ओढून घेईल. फक्त घरात औषधाचा थेंब नको. तिला अविश्वास सोसत नाही."

बुवांना मात्र माख्टेल्डच्या घरचं हॅम रोज छान सोसत होतं.

ते चित्र माझ्या हातचं. पोर हयात असताना काढलेलं, चांगलं टक्क उघड्या डोळ्यांचं. आमच्याकडे घरात कुणी गेलं की सहा आठवडे चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवतात. बुवा सांत्वनाला म्हणून त्याच घरात मुक्काम ठोकून होते. दुखवटा संपला, चित्र सरळ केलं, तर डोळे मिटलेले. तेव्हापासून चित्रावरच्या पडद्याआड रोज मिटायचे आणि दुपारी पाण्याने उघडायचे. मी परगावी होतो. परतलो तो या चमत्काराच्या नवव्या दिवशी.

मी चित्राला नाक लावलं. लसूण.

आमच्या धंद्यातली साधी गोष्ट आहे. वाळलेल्या तेलरंगावर पाण्यातला रंग धरत नाही, म्हणून आधी लसूण चोळतात. शेजारीच माझं कुरणाचं चित्र होतं. मी त्यातल्या गाईच्या तोंडावर लसूण चोळला, सरसात कालवलेल्या पाण्याच्या रंगाने मिटलेल्या पापण्या काढल्या, वाळू दिल्या.

"बुवा, गाईला कुणाचा दुखवटा?" म्हणत ओलं फडकं फिरवलं. गाईने डोळे उघडले. लोक हसले. बुवा मागच्या दाराने सटकले, त्यांच्या खोलीत सरसाचं भांडं मागेच राहिलं.

माख्टेल्ड हसली नाही.

"मास्तर, म्हणजे ती माझ्याकडे बघत नव्हती?"

"नाही, वहिनी. रंग आहे तो."

"आणि योरिसचा काढा मी नऊ दिवस गटारात ओतला."

डॉक्टर धावत आले. झाडाच्या सालीचा तोच कडू काढा पुन्हा सुरू केला, ज्याने आधी पोराचा ताप उतरायला लागला होता. तिसऱ्या दिवशी योरिस गेला. अजून स्वतःला विचारतो, मला लवकर यायला काय झालं होतं?

बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी ओलं फडकं मागा. आणि कुणी औषध बंद करा म्हणालं, तर तो माणूस तेवढा बंद करा.

दफन झाल्यावर माख्टेल्ड माझ्याकडे आली. म्हणाली, "योरिसचं चित्र काढा, मास्तर. डोळे मिटलेलेच काढा, तेलरंगात. पाण्याने कुणाला उघडता येऊ नयेत."