रविवारचा ग्रीक वर्ग

पिपरी मेघेतल्या वेदश्रीच्या घरी रविवारी सकाळी ग्रीक भाषेचा वर्ग भरायचा. वर्ग म्हणजे जेवणाचं टेबल आणि भोवती तीन माणसं. वेदश्री वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायची. तिच्या संशोधनाचा विषय होता रोमन साम्राज्यातले सुरुवातीचे ख्रिस्ती लोक आणि त्यांचे शेजारी. हे ऐकलं की लोक आधी विचारायचे, तू ख्रिश्चन आहेस का? नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग काऊन शिकून राह्यली? गल्लोगल्ली देवळं, सणाला मिरवणुका, घरोघरी नैवेद्य असलेल्या शहरात मूठभर लोक एकदम प्रसादाला हात लावेनासे होतात, तेव्हा आळीत काय होतं, हे तिला समजून घ्यायचं होतं. आपल्याकडच्या माणसाला ते शहर युरोपातल्या माणसापेक्षा लवकर कळतं, असं ती म्हणायची.

इला तिची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. दुसरे प्रभाकरराव. सिंदीच्या रेल्वे स्टेशनात बुकिंग क्लार्क होते, आता निवृत्त. पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू.

"नजर जायच्या आधी येशूचे शब्द मूळ भाषेत वाचून घेतो, मॅडम," पहिल्या दिवशी ते म्हणाले होते.

"येशू ग्रीक बोलत नव्हता, काका. त्याचे शब्द लिहिणाऱ्यांनी ग्रीकमध्ये लिहिले."

"चालते. जेवढं जवळ जाता येईन तेवढं."

ते मोठ्यानं वाचायचे, चर्चमध्ये वाचावं तसं. आवाज रस्त्यावर जायचा. त्यामुळं काही होईल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

एका शुक्रवारी वेदश्रीच्या सासूबाई, यशोदाबाई, देवळातून उतरल्या चेहऱ्यानं आल्या. "बायका विचारून राह्यल्या होत्या, तुमच्या घरी प्रार्थना होते म्हणे?"

संध्याकाळी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. वेदश्रीच्या घराचं फाटक, त्यातून आत शिरणारे प्रभाकरराव, खाली लिहिलेलं, 'पिपरीत धर्मांतराचा अड्डा'. कुठूनतरी पुढे ढकललेला, पहिल्यांदा कुणी टाकला ते कळायला मार्ग नव्हता. वेदश्री आधी हसली. मग तिला जेवण गेलं नाही. नवरा मधू कामासाठी रायपूरला होता. तो फोनवर म्हणाला, "या रविवारी नको घेऊ वर्ग." तिनं प्रभाकररावांना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. त्यांना काय सांगणार होती? तुम्ही येऊ नका, तुमच्यामुळं आम्हाला भीती वाटते?

रविवारी वाचन सुरू झालं आणि बेल वाजली.

दारात समोरच्या घरातले देवेंद्र होते, कॉलनीच्या समितीचे सचिव. त्यांच्यामागं फाटकापर्यंत माणसं. अर्धे चेहरे ओळखीचे, अर्धे कधी न पाहिलेले. गळ्यात गमछा टाकलेल्या एकानं मोबाइल वर धरला होता.

"गैरसमज नका करू, वहिनी," देवेंद्र म्हणाले. "पण लोकायचं म्हणणं आहे का इथं काहीतरी मंत्र म्हणून माणसं बाटवून राह्यले."

"हा भाषेचा वर्ग आहे, देवेंद्रभाऊ. आत या, पुस्तक पाहा."

तिनं एकाला बोलावलं, आत पाच-सहा जण शिरले. गमछावाल्यानं पुस्तक उचललं, उलटंसुलटं केलं. "हे कोणत्या लिपीत आहे?"

"ग्रीक."

"करणीचं दिसते," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

देवेंद्रांनी घसा खाकरला. "सोपं आहे, वहिनी. सगळ्यायनं मिळून गणपतीची आरती करा. व्हिडिओ ग्रुपवर टाकतो. विषय संपला."

हे वेदश्रीनं कितीदा शिकवलं होतं. रोमन अधिकारी आरोपीला देवांच्या मूर्तींपुढं आणि सम्राटाच्या प्रतिमेपुढं उभं करायचा. धूप टाका, ख्रिस्ताला शिव्या द्या, घरी जा. पुष्कळांनी टाकला आणि ते घरी गेले, असं ती वर्गात एका वाक्यात सांगायची आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायची.

यशोदाबाई स्वतःच आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या. "कर माय. आपलाच देव आहे. काय जाते?"

वेदश्रीनं ताट घेतलं. लहानपणापासून पाठ असलेली आरती, पण दुसऱ्या कडव्यात शब्दच आठवेनात. सासूबाईंनी पुढं म्हटलं. मग ताट इलानं घेतलं. तिचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता.

"आता काका," गमछावाला म्हणाला.

प्रभाकरराव खुर्चीची पाठ धरून उठले. "मले नाई करता येणार, भाऊ. मी ख्रिस्ती आहो. सिंदीत गणपतीचा मांडव बांधाले मी दरवर्षी जातो. पण हे ताट नाई ओवाळत."

"काऊन? ताईनं ओवाळलं ना?"

"ताईचा देव आहे. तिनं केलं त्यात वावगं काई नाई."

गमछावाल्यानं त्यांचा दंड धरला.

करून टाका ना, काका. वेदश्रीच्या मनात हे शब्द इतके मोठ्यानं उमटले की आपण बोललोच की काय, असं तिला वाटलं. समोरच्या माणसांपेक्षा तिला स्वतःचीच जास्त भीती वाटली.

"तक्रार कोणाची आहे?" ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "तक्रार कोणाची? कोणाला बाटवलं इथं? ज्याची तक्रार आहे त्यानं पुढं यावं. याच व्हिडिओत नाव सांगा, पत्ता सांगा. मग आपण सगळे ठाण्यात जाऊ."

निनावी तक्रारी घेऊ नका, असं एका रोमन सम्राटानंही आपल्या सुभेदाराला कळवलं होतं. पण त्या क्षणी तिला सम्राट आठवला नव्हता. तोंडातून निघालं ते निघालं.

देवेंद्रांनी मागं वळून पाहिलं. कुणी पुढं आलं नाही. पायरीवरचा एक जण हळूच फाटकाकडे सरकला, त्याच्यामागं दुसरा.

"तसं नाव कोणाचं नाई, वहिनी," देवेंद्र पुटपुटले. "ग्रुपवर आलतं."

गमछावाल्यानं दंड सोडला. जाता जाता हाताच्या एका फटकाऱ्यानं टेबलावरची पुस्तकं खाली पाडली. "पुढच्या रविवारी पाहतो," तो म्हणाला.

यशोदाबाईंनी कडी लावली आणि तिथंच दारापाशी बसल्या. प्रभाकररावांना पाण्याचा पेला धरवेना. मग त्याच उठल्या आणि पेला त्यांच्या ओठाला लावला.

"मला वाटत होतं तुम्ही करून टाकावं," वेदश्री म्हणाली.

प्रभाकरराव पाणी गिळून म्हणाले, "मलेही वाटत होतं."

मधू आल्यावर दोघं ठाण्यात गेली. बराच वेळ बसवून तक्रार लिहून घेतली. काही दिवस घरी वर्ग नका घेऊ, असा सल्लाही मिळाला. तोवर व्हिडिओ पसरला होता. त्यात प्रभाकरराव नव्हते, तिचा प्रश्नही नव्हता. फक्त ती आरती करताना, रडवेली, शब्द विसरलेली. खाली लिहिलं होतं, 'अखेर ताई स्वधर्मात परतल्या'. देवळात एका अनोळखी बाईनं तिचे हात हातात घेऊन अभिनंदन केलं. वेदश्री 'हो' म्हणाली. नाही म्हणायला तिला त्या बाईचीही भीती वाटली. त्यानंतर कितीतरी दिवस घरच्या आरतीला ती नुसती हात जोडून उभी राहायची.

पुढचा वर्ग सिंदीला, प्रभाकररावांच्या घरी घ्यायचं ठरलं. स्कूटरवर वेदश्री सारखी आरशात मागं पाहत होती. इला येणार नाही असंच तिला वाटलं होतं. पण इला आधीच येऊन बसली होती, घरी मैत्रिणीकडे जाते असं सांगून.

प्रभाकररावांनी वाचायला सुरुवात केली. ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. प्रभाकरराव वाचायचे थांबले. इंजिन बंद झालं. कुणीतरी उतरलं. मग शेजारचं फाटक करकरलं आणि एक बाई म्हणाली, "आला काय रे? जेवून गेलता का तसाच?"

प्रभाकररावांचं बोट पानावरून घसरलं होतं.

"कुठं होतो आपण, मॅडम?"

वेदश्री पानावर वाकली. अक्षरं समोर होती, पण ती ओळ तिलाही लवकर सापडेना.