सहानाने पहिली रांग कोणाला दिली

सहानाने इतकी वर्षं रडकी प्रेमगीतं गाऊन सगळ्या चेन्नईचे रुमाल भिजवले. यंदा तिने जाहीर केलं, आता फक्त नाचाची गाणी. अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या मंदारने तिला एकच संधी दिली. एग्मोरच्या हॉलमधल्या कार्यक्रमात लोक खुर्च्या सोडून उठले, तर नवा अल्बम; नाही तर पुन्हा रुमाल.

एवढं डोक्यावर असताना पोरीने पहिली रांग कॉलेजच्या मुलांना न देता आम्हा तंजावरी नातलगांना दिली. मंदार पुण्याचा, त्याला आम्ही काय चीज आहोत ते ठाऊक नव्हतं. गाणं कुठलंही असो, आम्ही मांडीवर ताल धरतो. मिक्सर चालू असला तरी धरतो. उठत मात्र नाही.

सहाना चंदेरी पँट घालून आली. ठोके असे, की माझी कवळी वेगळा ताल धरू लागली. मागची मुलं उठावं की नाही म्हणून पुढे बघत होती. पुढे आमची रांग मांडीवर हात मारत, पान वाढायची वाट पाहावी तशी बसलेली. मंदारने डोळे मिटून घेतले.

शेवटच्या गाण्यात ठोके एकदम थांबले. माझ्या गाण्याच्या वर्गातल्या मुलांना मी हेच शिकवतो: टाळी थांबली तरी मनात मोजत राहायचं आणि नेमक्या जागी परत यायचं. लहानपणी माझ्याकडे शिकताना सहाना यात कधी चुकली नाही. रांग शांततेतही मोजत राहिली. ठोके परत आले ते अर्धी मात्रा उशिरा.

तिची आत्या विशालाक्षी ताडकन उभी राहिली आणि हात डोक्यावर नेऊन खऱ्या जागी टाळ्या वाजवू लागली. पाठोपाठ सगळी रांग उठली. टाळी दोन ठोक्यांच्या बरोबर मधे पडू लागली आणि गाणं आणखीच नाचरं झालं. मागच्यांना वाटलं, म्हातारे नाचायला लागले. हॉलभर कोणी बसून राहिलं नाही.

नंतर आत्याने सहानाला फैलावर घेतलं, एवढ्या लोकांत ताल सोडला म्हणून. आत्या बाजूला गेल्यावर मी सहानाला विचारलं, हे झालं कसं?

चकलीसारखा मुरुक्कू चावत ती म्हणाली, "अप्पाजी, आपली माणसं नाचायला उठत नाहीत. चूक काढायला जेवत्या पानावरूनही उठतात."

तिकडे मंदार आत्याला बंगळुरूच्या कार्यक्रमाला येण्याची गळ घालत होता.

"यावंच लागेल," आत्या म्हणाली. "पोरीला ताल कुठे येतो?"